रेक्याविकचा सहावा डाव आणि स्पास्कींची विसावी चाल

माझ्याकडे शिकणाऱ्या पंधरा वर्षांच्या एका मुलीने विचारलं आहे: "सर, मी काळ्याने टार्टाकोवर खेळते. परवा स्पर्धेत एक दादा म्हणाला की १९७२ च्या सहाव्या डावात फिशरने ही ओपनिंग मोडीत काढली. मी घरी तो डाव इंजिनवर लावून पाहिला. चौदा-पंधरा चालींपर्यंत काळ्याचं काही बिघडलेलं दिसत नाही. मग स्पास्की हरले कुठे? आणि मी टार्टाकोवर सोडू का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सोडू नकोस. पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे. ते वाचताना खरा पट समोर मांड आणि मोहरी हाताने हलव. इंजिन, म्हणजे चाली मोजणारा संगणकाचा प्रोग्रॅम, बाजूला ठेव. प्रत्येक चालीनंतर आकडा किती झाला हे ते सांगतं, पण एखादा माणूस त्या चालीकडे का ओढला गेला हे त्याच्याकडून कळत नाही. या डावात समजून घेण्यासारखं आहे ते हेच.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण फिशरच्या पहिल्या चालीचा अर्थ तिच्यात आहे. आइसलँडच्या रेक्याविकमध्ये ११ जुलै १९७२ ला विश्वविजेतेपदाचा सामना सुरू झाला. चोवीस डावांचा सामना. बारा-बारा झाले तरी किताब तेव्हाचे सोव्हिएत विश्वविजेते बोरिस स्पास्की यांच्याकडेच राहणार होता. या सामन्यापूर्वी अमेरिकेच्या बॉबी फिशरने स्पास्कींना एकदाही हरवलेलं नव्हतं: तीन पराभव, दोन बरोबऱ्या. पहिल्या डावात बरोबरीकडे चाललेल्या स्थितीत फिशरने उंटाने एच२चं प्यादं उचललं, तो उंट अडकला आणि डाव गेला. दुसऱ्या डावाला तो आलाच नाही. शून्य-दोन. तिसरा डाव कॅमेऱ्यांपासून दूर, मागच्या खोलीत झाला आणि तिथे फिशरने स्पास्कींवर आयुष्यातला पहिला विजय मिळवला. चौथा बरोबरीत, पाचवा फिशरला. अडीच-अडीच अशी गुणसंख्या घेऊन दोघे २३ जुलैला सहाव्या डावाला बसले.

पांढरी मोहरी फिशरकडे होती. त्या काळच्या कुठल्याही बुद्धिबळपटूला झोपेतून उठवून विचारलं असतं की फिशर पहिली चाल कोणती खेळेल, तर त्याने ई४ म्हटलं असतं. ई४ सोडून दुसरं काही त्याने सुरुवातीला खेळल्याचे महत्त्वाचे डाव हाताच्या बोटांवर मोजता आले असते. सोव्हिएत चमूने महिनोन् महिने तयारी केली ती प्रामुख्याने ई४ धरून. आणि फिशरने सी४ खेळली.

चाली अशा झाल्या: १. सी४ ई६ २. घोडा एफ३ डी५ ३. डी४ घोडा एफ६ ४. घोडा सी३ उंट ई७ ५. उंट जी५ किल्लेकोट ६. ई३ एच६ ७. उंट एच४ बी६. सुरुवात इंग्लिश ओपनिंगने झाली तरी तिसऱ्या चालीला डाव क्वीन्स गँबिट डिक्लाइन्डमध्ये, म्हणजे पांढऱ्याने देऊ केलेलं सी४चं प्यादं काळा नाकारतो त्या ओपनिंगमध्ये, शिरला. या क्रमात पांढऱ्याचा वजिराकडचा घोडा उशिरा बाहेर येतो, त्यामुळे काळ्याला निम्झो-इंडियन, म्हणजे बी४ला उंट आणून तो घोडा जखडणारा बचाव, खेळायची संधी मिळत नाही. पाचव्या डावात स्पास्कींसमोर निम्झो-इंडियन फिशरनेच काळ्याने खेळला होता. आता बाजू उलटल्यावर तो दरवाजा त्याने स्वतःहून बंद केला.

सातवी चाल बी६ म्हणजे तुझा टार्टाकोवर. क्वीन्स गँबिट नाकारणाऱ्याला पिढ्यान् पिढ्या छळणारा प्रश्न एकच: सी८वरचा उंट. ई६ खेळून आपणच त्याच्या तोंडावर दार लावतो. साविएली टार्टाकोवर यांनी बी६ खेळून त्याला बी७ची खिडकी उघडून दिली. पुढे सोव्हिएत खेळाडूंनी, विशेषतः माकोगोनोव्ह आणि बोंदारेव्हस्की यांनी, या पद्धतीला बळकटी आणली, म्हणून कित्येक ठिकाणी तिच्या नावात हे तिघेही येतात. हे इगोर बोंदारेव्हस्की म्हणजे १९६९ मध्ये स्पास्कींना विश्वविजेते करणारे प्रशिक्षक. थोडक्यात, फिशर अनोळखी गल्लीत शिरला, पण ती स्पास्कींच्या घराकडे जाणारी गल्ली होती. एवढं धाडस मला आजही थक्क करतं.

८. सीxडी५ घोडाxडी५ ९. उंटxई७ वजीरxई७ १०. घोडाxडी५ ईxडी५ (x म्हणजे मारणं). इथे थांब. एक उंट आणि एक घोडा दोघांनीही गमावला. उरलंय काय? पांढऱ्याकडे एफ१चा उंट आणि एफ३चा घोडा, काळ्याकडे सी८चा उंट आणि बी८चा घोडा. डी५ला आता काळ्याचं प्यादं ठाण मांडून बसलंय, म्हणजे बी७ला उंट नेला तर तो आपल्याच प्याद्याकडे बघत बसेल. ज्या खिडकीसाठी बी६ खेळलो तिच्यासमोर भिंत उभी राहिली. म्हणून ११. हत्ती सी१ ला स्पास्कींनी उंट ई६ला नेला. चांगली, निरोगी चाल. पण हा उंट लक्षात ठेव, त्याचं पुढे काय होतं ते बघायचं आहे.

१२. वजीर ए४ सी५ १३. वजीर ए३ हत्ती सी८. ए३वरचा वजीर दूरवरून सी५चं प्यादं जखडतो, कारण त्याच्या मागे त्याच तिरप्या रेषेवर ई७ला काळ्याचा वजीर उभा आहे. सी५ हललं की वजीर जातो. ही जखडण अजून निरुपद्रवी दिसते. तीच पाच चालींनी कामाला येणार आहे.

१४. उंट बी५! तुझं इंजिन इथे फार खूश होणार नाही, पण चालीचा हेतू समजून घे. काळ्याचा घोडा डी७ला आला तर हा उंट त्याला मारेल आणि मग सी५चं प्यादं पडेल. आणि काळ्याने ए६ खेळून उंटाला हुसकवायचं म्हटलं तर ते प्यादं उंटाला मारूच शकत नाही: ए-पट्टी उघडताच वजीर थेट ए८च्या हत्तीवर पडतो, आणि त्या हत्तीला कोणाचाही आधार नाही, कारण मध्ये बी८ला घोडा अजून घरातच बसलाय. ही चाल फिशरने शोधलेली नव्हे. १९७० मध्ये सोव्हिएत ग्रँडमास्टर सेमियन फुरमन यांनी ती दुसरे सोव्हिएत ग्रँडमास्टर येफिम गेलर यांच्याविरुद्ध खेळली होती. आणि रेक्याविकमध्ये हेच गेलर स्पास्कींच्या मदतनीसांपैकी एक होते!

स्पास्की १४...ए६ खेळले. तुझ्या वहीत इथे लाल पेनाने १४...वजीर बी७ लिहून ठेव. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये हिल्व्हर्समला, गेलर यांनी यान टिमान यांच्याविरुद्ध ही चाल खेळून दाखवली आणि डाव जिंकला. वजीर बी७ला आला की एकाच चालीत तीन कामं होतात: सी५ची जखडण सुटते, ए८च्या हत्तीला आधार मिळतो आणि बी५च्या उंटावर नजर बसते. मग पांढऱ्याने १५. डीxसी५ बीxसी५ १६. हत्तीxसी५ हत्तीxसी५ १७. वजीरxसी५ असं प्यादं जिंकलं तर १७...घोडा ए६! वजिरावर हल्ला. उंटाने घोडा मारला तर काळ्याचा वजीर ए६ला येतो आणि तिथून एफ१पर्यंतची सगळी तिरपी रेषा त्याच्या ताब्यात जाते. पांढऱ्याचा राजा अजून ई१वर, किल्लेकोट करता येत नाही. एका प्याद्याच्या मोबदल्यात काळ्याला खेळ मिळतो. त्या दादाला सांग, फिशरच्या उपायावरचा उतारा वर्षभरात पटावर आला होता.

पुढे: १५. डीxसी५ बीxसी५ १६. किल्लेकोट हत्ती ए७ १७. उंट ई२ घोडा डी७. पंधराव्या चालीला एक गोष्ट जन्माला आली, ज्यासाठी मी हा डाव प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवतो. सी५ आणि डी५ला काळ्याची दोन प्यादी शेजारी-शेजारी उभी आहेत. बी-पट्टीवर प्यादं नाही, ई-पट्टीवरही नाही. यांना आपण हँगिंग पॉन्स म्हणतो, अधांतरी प्यादी. यांना मागून आधार द्यायला दुसरं प्यादं नसतं, सगळा भार मोहऱ्यांवर. तरी ती जोवर शेजारी आहेत तोवर बी४, सी४, डी४, ई४ ही चार घरं दाबून ठेवतात. मधल्या पटावर प्रतिस्पर्ध्याच्या मोहऱ्यांना पाय ठेवायला जागा नाही. त्यांची ताकद शेजारधर्मात आहे, आणि आता कोण पुढे सरकेल हे प्रतिस्पर्ध्याला कळत नाही यात आहे. एक पुढे सरकलं की दुसरं मागे पडतं, आणि मोकळी झालेली घरं पांढऱ्याची. हे वाक्य पुस्तकात वाचून पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. विशीत असताना एका स्पर्धेत मी अशाच स्थितीत डी४ खेळलो. पुढे सरकलेलं प्यादं बघून छाती भरून आली होती. त्यानंतरच्या बारा चालींत माझा डी७चा घोडा जागचा हलला नाही, कारण त्याला जायला एकही घर उरलं नव्हतं. घरी येऊन डाव मांडला तेव्हा रेक्याविकच्या या डावाची आठवण झाली आणि तो पहिल्यांदा खरोखर समजला.

१८. घोडा डी४! आता ती जुनी जखडण बघ. घोडा सी५च्या प्याद्यासमोर निर्धास्त येऊन बसतो. प्याद्याने मारायचं तर ई७चा वजीर जातो. घोड्याला दोन वाटा खुल्या आहेत. बी३ला जाऊन सी५वर आणखी एक हल्लेखोर उभा करायचा, किंवा ई६चा तो निरोगी उंट टिपायचा. स्पास्कींनी १८...वजीर एफ८ खेळून जखडण सोडवली, आता घोड्यावर खरोखर हल्ला आहे. फिशरने क्षणभरही घोड्याचा मोह धरला नाही: १९. घोडाxई६ एफxई६.

नवखे खेळाडू इथे विचारतात, एवढा सुंदर बसलेला घोडा त्या उंटासाठी का दिला? कारण आता पांढऱ्याकडे उंट आहे आणि काळ्याकडे घोडा, आणि काळ्याची मधली प्यादी डी५, ई६ अशी पांढऱ्या घरांवर बसली आहेत, नेमक्या त्याच रंगावर ज्यावर पांढऱ्याचा उंट चालतो. त्याखेरीज ई६ला प्यादं आल्याने एफ-पट्टीवरचं काळ्या राजाचं छत्र गेलं. काळ्यालाही काही मिळालं हे मान्य करायला हवं: डी५ला आता ई६चा आधार आहे, एफ-पट्टीवर हत्ती येऊ शकतो. म्हणून पांढऱ्याला वेळ घालवून चालणार नव्हतं.

२०. ई४!

हीच ती चाल. पट इथेच राहू दे आणि दहा मिनिटं बघत बस. पांढऱ्याची मोहरी: राजा जी१, वजीर ए३, हत्ती सी१ आणि एफ१, उंट ई२, प्यादी ए२, बी२, ई४, एफ२, जी२, एच२. काळ्याची: राजा जी८, वजीर एफ८, हत्ती ए७ आणि सी८, घोडा डी७, प्यादी ए६, सी५, डी५, ई६, जी७, एच६. पांढऱ्याने डी५ला सरळ प्रश्न विचारला आहे: तू काय करणार?

डीxई४ केलं तर ए६, सी५, ई६, ई४ अशी चार सुटी प्यादी उरतात, एकाला दुसऱ्याचा आधार नाही, आणि पांढऱ्याचा हत्ती सी४ला येऊन उचलायला लागेल. सी४ केलं तर वजीर एच३ला जाऊन ई६वर नजर ठेवतो, काळ्याला जपून खेळावं लागतं, पण डी५ जागेवर आहे आणि ई४वर त्याचा दाब कायम आहे. घोडा एफ६ला आणला तर पांढरा ई५ने त्याला हुसकेल, पण तेव्हाही डी५ जिवंत राहतं आणि घोड्याला ई४ किंवा डी७ अशी निवड मिळते. माझ्या मते शेवटच्या दोहोंपैकी काहीही खेळलं तरी काळ्याला त्रास होता, पण डाव हातात होता. तू विचारलंस, स्पास्की कुठे हरले. माझं उत्तर: इथे. ते २०...डी४ खेळले.

का खेळले असतील? कारण ही चाल दिसायला फार छान आहे. समोरून कुठलंही प्यादं अडवू शकत नाही असं प्यादं, मागून सी५चा भक्कम आधार, आणि मधला तणाव एका फटक्यात संपतो. हल्ला होत असलेलं प्यादं पुढे ढकलून निवांत होणं ही माणसाची सहजप्रवृत्ती आहे. विश्वविजेताही माणूसच. पण आता त्या चार घरांचं बघ. डी५वरचा पहारा उठला आणि सी४ मोकळं झालं, तिथे पांढऱ्याचा उंट येऊन बसणार, ई६वर आणि त्यापलीकडे जी८च्या राजावर रोखून. ई५ला प्यादं जाणार. डी४चं प्यादं पुढे जाणार कुठे? डी३ला पांढरा हवा तेव्हा उंट आणून बसवेल. ज्या प्याद्याचा एवढा अभिमान वाटला ते उरलेला डाव एक घरही सरकलं नाही.

२१. एफ४ वजीर ई७ २२. ई५! घोड्याचं एफ६ गेलं. ई६चं प्यादं आता कायमचं तिथेच खिळलं. २२...हत्ती बी८ २३. उंट सी४ राजा एच८. उंटाला हाकलायला २३...घोडा बी६ का नाही? कारण २४. वजीर बी३, आणि घोड्याने उंट मारला तर बी८चा हत्ती जातो. हे पटावर करून बघ, ही युक्ती तुझ्या डावात वर्षातून एकदा तरी येईल. २४. वजीर एच३ घोडा एफ८. वजीर पटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला. ए३वरून तो वजिराच्या बाजूला काम करत होता, एच३वरून राजाच्या. काळ्याचा घोडा मात्र फक्त ई६ची राखण करायला शेवटच्या ओळीत जाऊन बसला.

२५. बी३ ए५ २६. एफ५ ईxएफ५ २७. हत्तीxएफ५ घोडा एच७ २८. हत्ती सी-एफ१ वजीर डी८ २९. वजीर जी३ हत्ती ई७ ३०. एच४! या शेवटच्या छोट्या चालीवर माझा फार जीव आहे. एच७च्या घोड्याला उरलेलं एकमेव बरं घर होतं जी५. तेही बंद. फिशर हल्ला करत होता आणि त्याच वेळी एकेक दार शांतपणे लावून घेत होता. ३०...हत्ती बी-बी७ ३१. ई६ हत्ती बी-सी७ ३२. वजीर ई५ वजीर ई८ ३३. ए४ वजीर डी८ ३४. हत्ती एफ१-एफ२ वजीर ई८ ३५. हत्ती एफ२-एफ३ वजीर डी८ ३६. उंट डी३ वजीर ई८.

गेल्या चालींत काळ्याचा वजीर काय करतोय? डी८, ई८, डी८, ई८. स्पास्कींकडे हलवण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. आणि फिशरला घाई नव्हती. ए४ खेळून त्याने काळ्याची ए-पट्टीवरची शेवटची हालचालही थांबवली, हत्ती एकेक घर वर आणला, मग उंट डी३ला. त्याचं वय होतं एकोणतीस. त्याच्या धारदार, चटकन मारणाऱ्या खेळाची सगळ्यांना ओळख होती. हा डाव कापाब्लांका किंवा रुबिनस्टाइन या जुन्या, शांतपणे खेळणाऱ्या दिग्गजांच्या हातून उतरल्यासारखा वाटतो.

३७. वजीर ई४. आता धमकी ओळख. हत्ती एफ८ला शह, घोडा मारतो, दुसरा हत्ती मारून पुन्हा शह, वजिराला मारावंच लागतं, आणि मोकळ्या झालेल्या तिरप्या रेषेवरून वजीर एच७, मात. डी३चा उंट मागे आधाराला. उत्तर द्यायला ३७...घोडा एफ६ आलं, आणि ३८. हत्तीxएफ६! जीxएफ६ ३९. हत्तीxएफ६ राजा जी८ ४०. उंट सी४ राजा एच८ ४१. वजीर एफ४. एफ-पट्टीवरून आणि एच६वर येणारा मारा थांबवायचा मार्ग नाही. स्पास्कींनी डाव सोडला.

लोक सांगतात तो पुढचा प्रसंग खरा आहे. सभागृहात टाळ्यांचा गजर झाला, आणि स्पास्की उठून उभे राहिले आणि प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवू लागले. आपला किताब हातातून निसटू लागला आहे हे त्यांना कळत होतं. सामन्यात फिशर पहिल्यांदाच पुढे गेला होता, साडेतीन-अडीच. तरी समोरच्याने उत्तम डाव खेळला म्हणून टाळ्या. एकविसाव्या डावानंतर, १ सप्टेंबरला, साडेबारा-साडेआठ अशा फरकाने फिशर विश्वविजेता झाला. फिशर २००८ मध्ये रेक्याविकमध्येच वारला. स्पास्की २०२५ च्या फेब्रुवारीत गेले. ती बातमी वाचली त्या संध्याकाळी मी क्लासमध्ये दुसरं काही शिकवलं नाही, हाच डाव मांडला.

आता तुझ्या ओपनिंगबद्दल. या सामन्यात पुढे क्वीन्स गँबिट पुन्हा आली, पण बाराव्या डावात स्पास्कींनी बी६ऐवजी घोडा डी७ला आणून जुनी ऑर्थोडॉक्स पद्धत धरली आणि बरोबरी घेतली. चौदाव्यात पांढऱ्याचा उंट जी५ऐवजी एफ४ला गेला, तिथेही बरोबरी. म्हणजे टार्टाकोवरची दुसरी परीक्षा या सामन्यात झालीच नाही. ओपनिंग मोडली असती तर पुढच्या पिढीने ती टाकून दिली असती. झालं उलट. १९८४ ला मॉस्कोत सुरू झालेल्या कारपॉव्ह-कास्पारॉव्ह सामन्यात टार्टाकोवर पुन्हापुन्हा पटावर आला. जगातले दोन सर्वोत्तम खेळाडू मोडक्या ओपनिंगवर विश्वविजेतेपद पणाला लावत नाहीत. आज पांढरे खेळाडू तुझ्याविरुद्ध आठव्या चालीला सीxडी५ कमी वेळा करतील. उंट ई२, उंट डी३, हत्ती सी१ यांची तयारी जास्त ठेव. विशेषतः उंटाने एफ६चा घोडा मारून, डी५ला बदलाबदली करून मग बी४ खेळणारी पद्धत. तिथेही सी५-डी५ प्याद्यांचाच प्रश्न येतो, फक्त दुसऱ्या बाजूने.

तुझे गेल्या वर्षीचे डाव मी पाहिलेत. तू हँगिंग पॉन्स घेऊन खेळायला घाबरत नाहीस, हे मला आवडतं. पण समोरच्याने त्यांना हात लावला की तीन चालींच्या आत तू त्यातलं एक पुढे ढकलतेस. नाशिकच्या डावात डी४, त्याआधी सी४. त्या दोन्ही डावांत तुझा घोडा डी७वर अडकला होता, जाऊन बघ.

तर या रविवारी येताना विसाव्या चालीची वर सांगितलेली स्थिती वहीत काढून आण, काळ्याची चाल. इंजिन न लावता सी४, घोडा एफ६, डीxई४ या तिन्हींची पांढऱ्याची उत्तरं प्रत्येकी चार-चार चालींपर्यंत लिही, आणि त्यातली कुठली खेळशील ते शेवटी. घड्याळ घेऊन ये. ती स्थिती आपण पाच वेळा खेळणार आहोत, काळा तूच.